कोनवलीच्या तंबूतली उचकी

"पोट धरून हसा! गडाबडा लोळून हसा! उचकीसम्राट यशवंत चौगुले यांचा नवा धमाल विनोदी बोलपट, 'धोटा'! आज सांजच्याला, कोनवलीच्या जत्रेत, आपल्या लाडक्या तंबूत! एका उचकीला एक बत्तीशी!"

जीपवरचा कर्णा असा बोंबलत शेताच्या कडेनं गेला, तेव्हा खुद्द उचकीसम्राट आपल्या फियाटच्या आरशात वाकून बघत डोक्याला पटका गुंडाळत होते. गाडी आम्ही गावाबाहेर आंब्याच्या झाडाखाली लावली होती. मी गाडीला टेकून शेंगा खात उभी होते. ती दवंडी ऐकून माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मामा, ऐकलंत? विनोदी म्हणतोय! मरतंय माणूस त्या सिनेमात आणि हा मेला बत्तीशी काय सांगतोय? मी जाऊन चांगली झाडते त्याला."

"ऱ्हाऊ दे कुमे. त्यानं पिच्चर बघितलाय कुठं अजून? माझं नाव बघितलं, दवंडी दिली. वीस वर्षं माझ्या नावापुढं दुसरं काय लागलंय?" मामांनी पटक्याचा सोगा कानावरून खाली ओढला. "दिसतोय का मी?"

"नाक दिसतंय."

"नाकाला काय करू आता?"

यशवंत चौगुले माझे सख्खे मामा नव्हेत. माझे वडील कोल्हापूरच्या स्टुडिओत रंगभूषा करायचे आणि मामांच्या गालाला पहिला रंग त्यांनीच लावलेला, म्हणून ते आमचे मामा. मी त्याच स्टुडिओत संकलकाच्या हाताखाली होते. फिल्म कापायची, जोडायची, डब्यात भरायची. मुलगी असून हे काय करतेस, असं लोक विचारायचे आणि मी त्यांना तुम्ही घरी काय करता ते उलट विचारायची. मला लहानपणापासून चौकशांची भारी हौस. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे हे बघितल्याशिवाय मला स्वतःचा डबा गोड लागत नाही.

आणि मामांच्या बाबतीत माझी एक चौकशी कधीची अडकून पडली होती. ती उचकी त्यांना आली कुठून?

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. सिनेमात मामा घाबरले की त्यांचे खांदे वर जायचे, डोळे वाटोळे व्हायचे, मान एकदम मागं जायची आणि गळ्यातून 'हिक्' असा आवाज यायचा. मग क्षणभर सगळं थांबायचं आणि पुन्हा 'हिक्'. बस्स, एवढंच. पण पाटलाच्या वाड्यात चोरी करताना, सासऱ्यासमोर, भुताच्या माळावर ती आली की थिएटर कोसळायचं. पिटातली पोरं आधीपासूनच ओरडायची, "आली, आली, आली!" मामा रस्त्यानं चालले तरी लोक ओरडायचे, "मास्तर, एक काढा की!" आणि मामा काढायचे. लग्नात, बारशात, एकदा तर कुणाच्या तेराव्याला.

मी विचारलं की दर वेळी नवं उत्तर. एकदा म्हणाले, आमच्या शेळीकडून शिकलो. एकदा म्हणाले, एका मामलेदाराला तिखट लागलं होतं, त्याची उचलली. एकदा म्हणाले, तुझ्या बापाच्या रंगाचा वास नाकात गेला नि सुरू झाली. मी चिडायची, ते हसायचे.

तर 'धोटा', म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारी ती लाकडी नळी. इचलकरंजीकडच्या एका विणकराची गोष्ट. माग मोडतो, पोरगा मुंबईला निघून जातो, बाप शेवटी मागाशेजारी फाटक्या चटईवर एकटाच मरतो. मामांनी हा बाप आमच्या निर्मात्याकडून, रंगराव सरनोबतांकडून, अक्षरशः हट्टानं मागून घेतला होता. सरनोबत म्हणाले होते, "यशवंता, तू रडलास तर लोक खुर्च्या फोडतील." पण दिला. शेवटच्या प्रसंगात पाण्याचा तांब्या हाताच्या थोडा पलीकडे ठेवायचा, ही कल्पनाही मामांचीच. बाप तांब्याकडे हात नेतो, हात पोचत नाही, आणि श्वास अडकू लागतो. खांदे वर, मान मागं, 'हिक्'.

कोल्हापुरात पहिल्याच दिवशी थिएटरात त्या 'हिक्'ला हशा फुटला. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर!" सरनोबत दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले आणि मला म्हणाले, "सोमवारी सगळ्या प्रिंटांतून तेवढा तुकडा काढून टाक. तांब्याकडं हात गेला की पडदा काळा कर आणि 'समाप्त' आण." मग मामांकडे वळून म्हणाले, "आणि तू माझ्या पुढच्या पिच्चरला सही कर. चोराचं काम हाय. सात उचक्या हाईत."

मामांनी फक्त सोमवारपर्यंत मुदत मागितली. जत्रांचा हंगाम म्हणून एक प्रिंट थेट तंबूला दिली होती, ती कोनवलीला लागणार होती.

"शहरातली पोरं शिट्ट्या मारायलाच येतात," मामा मला म्हणाले. "मला एकदा तंबूत बसून ऐकायचंय. तितंबी लोक हसले तर काप. मी सही करतो नि पुन्यांदा असलं काम कुणाकडं मागत न्हाई. पण तंबूत गडी एकीकडं, बाया एकीकडं. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं न्हाई. तू बायकांत बस. माझा एक कान तिकडं पायजे."

मी कसली नाही म्हणतेय! मी तर पायात चप्पल घालूनच बसले होते.

तंबूत शिरलो तेव्हा दिवस नुकता मावळला होता. मध्ये बांबूंना बांधलेली गोधडीएवढी जाड कनात. तिच्या उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. खाली उसाची चिपाडं पसरलेली. प्रत्येकीनं आपापलं पोतं, पोर आणि शेंगांची पुरचुंडी आणली होती. मी एका म्हातारीशेजारी जागा धरली. अंगानं काटकी, कपाळ मोकळं, मांडीवर झोपलेली नात आणि शेजारी पाण्यानं भरलेला पितळी तांब्या, त्यावर पेला पालथा.

"कुठली गं तू?" तिनं विचारलं.

"कोल्हापूरची."

"आणि हितं आलीस व्हय पिच्चर बघायला? तुमच्यात न्हाईत का पिच्चर?" ती हसली आणि मला मूठभर शेंगा दिल्या. "ह्यो उचकीवाला लई आवडतुया माझ्या नातीला. उचकी आली की उठवायची हाय तिला."

नात उठवली जाणार, ती त्याच्या मरणाला हसण्यासाठी.

सिनेमा सुरू झाला. मामा पडद्यावर आले तशी दोन्हीकडे खसखस पिकली. मागावर बसले, हसू. पोराला जवळ घेतलं, हसू. मग रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा बायका म्हणू लागल्या, "आज काय खुलंना हा." पलीकडून एक गडी ओरडला, "उचकी कवा येणार रं?" मी कनातीच्या फटीतून मामांना शोधू लागले. ते अगदी मागं, बांबूला टेकून, घोंगडीत गुंडाळून बसले होते.

शेवटचं रीळ लागलं. माग मोडला होता, पोरगा गेला होता. चटई, तांब्या. हात सरकत निघाला, थोडा पलीकडे राहिला. माझ्याच हातांनी जोडलेली फिल्म, तरी मी पुढं सरकून बसले. खांदे वर गेले.

'हिक्.'

कनातीपलीकडे बांध फुटला. "आली रं आली!" शिट्ट्या, पागोटी वर. आमच्या बाजूलाही हशाची एक लाट उठली. कुणी पोरांना हलवून जागं करू लागली. फटीतून मला मामांची घोंगडी उठताना दिसली. ते वाकून, कुणाच्या अंगावर पाय न देता, तंबूबाहेर निघून गेले.

मी उठणार एवढ्यात शेजारी काहीतरी हललं. म्हातारीनं नातीला उठवलं नव्हतं. तिनं तिला मांडीवरून खाली ठेवलं होतं आणि ती गुडघ्यांवर उभी राहून पडद्याकडे बघत होती.

'हिक्.'

"अगं बाई," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "अगं, जातंय की ते! हसताय काय मुडद्यांनो, माणूस जातंय तितं! कुणी हाय का न्हाई घरात? पाणी घाला की गं तोंडात!"

बोलता बोलता तिनं स्वतःचा तांब्या उचलला होता. पेला खाली पडून गडगडत गेला. पुढच्या बायकांनी वळून बघितलं. कुणी तिला हसलं नाही. एकीनं तोंडाला पदर लावला, मग दुसरीनं. आमच्या बाजूचा हशा गेला तो गेलाच. पलीकडे पुरुष अजून हसत होते, पण इकडून काहीच साथ येईना तसं त्यांचंही हसू विरळ होत गेलं. कुणीतरी दरडावलं, "गप रं!" आणि मग एवढ्या मोठ्या तंबूत फक्त यंत्राची घरघर आणि पडद्यावरच्या बापाचा श्वास. तो थांबला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी तांब्या हातात घेऊन तशीच बसली होती. मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

मामा तंबूमागं, बत्ताशांच्या दुकानाच्या उजेडापासून जरा दूर उभे होते.

"ऐकलं," ते म्हणाले. "सोमवारी काप."

"मामा, तुम्ही अर्धंच ऐकलंत!" मी एका दमात सगळं सांगितलं. म्हातारी, तांब्या, पदर, पलीकडची शांतता.

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. इतकं केविलवाणं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्या बापानं चांगलं वळण लावलंय तुला. माणसाचं मन राखतीस."

"मी खोटं बोलतेय?"

"न्हाई. माया करतीस."

"अहो, बायका रडल्या!"

"कुमे, वीस वर्षं मी लोकांचं हसू ऐकतोय. मला त्याची जात कळती. ते बापाला न्हाई हसले, यशवंताला हसले. ह्या तोंडाला दुसरं काय येतंय, असं हसले. बास झालं. चल."

मी त्यांचा हात धरून त्यांना तंबूकडे ओढू लागले, त्या ओढाताणीत पटका घसरला. झालं! बत्ताशांच्या दुकानावरच्या चारपाच गड्यांनी बघितलं. "आरं, उचकीमास्तर! खरा उचकीमास्तर!" तंबूतून बाहेर पडणारी माणसं इकडे वळली. बघता बघता कोंडाळं झालं. आत पदर ओले करून आलेल्या बायकाही टाचा उंच करून बघू लागल्या.

"मास्तर, एक काढा की!"

"एकच! पोरं लांबनं आल्यात!"

मामांनी सवयीनं पटका काढून हातात घेतला. मी त्यांचा चेहरा बघत होते. नको म्हणायचं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी अंग सावरलं आणि खांदे वर जाऊ लागले.

"सरका. अरं, सरका की बाजूला!"

तीच म्हातारी. एका खांद्यावर पेंगुळलेली नात, दुसऱ्या हातात तांब्या. गड्यांना कोपरानं ढकलत ती थेट मामांसमोर आली आणि तांब्या पुढं केला.

"घे बाबा. मघाशी कुणी दिलं न्हाई तुला."

मामांचे खांदे तसेच वर राहिले. मग हळूहळू खाली आले. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, मान वर केली आणि प्यायला लागले. पाणी गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं तरी थांबेनात. कोंडाळ्यातला एक गडी "उचकी..." एवढं म्हणाला आणि गप्प बसला. सगळा तांब्या रिकामा झाला.

म्हातारीनं तो परत घेतला, मामांच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग हलक्या आवाजात विचारलं, "पोरगं आलं का रं मागनं?"

सिनेमात पोरगा येत नाही. मला वाटलं, मामा आता काय सांगतात?

"आलं, आजी," मामा म्हणाले. "जरा उशीर झाला त्याला."

"व्हईना. आलं न्हवं?" असं म्हणून ती गेली.

मामांनी गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला घातली. मग त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"तू विचारत हुतीस न्हवं, उचकी कुठनं आली?"

"शेळी म्हणालात. मामलेदार म्हणालात."

"माझा बाप विणकरच हुता. मी पंधरवडा घरात नव्हतो, नाटकाच्या तालमीला दुसऱ्या गावाला गेलेलो. सांगावा आला म्हणून पळत आलो तर बा चटईवर. अशीच उचकी लागलेली. तांब्या जवळच हुता, हात पोचत नव्हता. आणि मी दारात उभा. कुमे, माझे पाय हलंनात. दोन पावलं आत जाऊन पाणी घालायचं, तेवढंबी जमलं न्हाई. शेजारची काकू धावत आली, तिनं घातलं."

रस्त्यावर एक बैलगाडी होती. मामांनी ती शांतपणे मागं टाकली.

"पुढं नाटक झालं. मी पहारेकरी. स्टेजवर गेलो नि भाषण पार इसरलो. पाय तसेच झाले, दारातल्यागत. आणि गळ्यातनं बाची उचकी आली. मी आणली न्हाई, ती आली. लोक हे हसले, हे हसले! दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, ती उचकी ठेव. ठेवली. तवापासनं लोक माझ्या बाला हसत्यात आणि मी त्यावर जेवतोय."

इतकी वर्षं खोदून खोदून विचारलेली गोष्ट अशी हातात आली आणि ती कुठं ठेवू हे मला कळेना.

"आज पयल्यांदा कुणीतरी त्याला ओळखलं गं," मामा म्हणाले आणि पटक्यानं डोळे पुसले.

सोमवारी मी काहीही कापलं नाही. मामांनी सरनोबतांना सरळ सांगितलं, तुकडा राहू दे आणि ते चोराचं काम दुसऱ्याला द्या. सरनोबत इतके भडकले की त्यांनी मामांना पुन्हा दारात उभं केलं नाही. मधली काही वर्षं मामांना काम नव्हतं. मग कुणीतरी त्यांना बाप दिला, मग म्हातारा शिक्षक, मग आंधळा कीर्तनकार. पडद्यावर ते कितीदा गेले याची गणतीच नाही, आणि दर वेळी लोक हुंदके देऊन रडले. पुढं टीव्ही आला आणि रोज संध्याकाळी घराघरांत ते 'अप्पा' झाले. सुना त्यांच्या फोटोकडे बघून डोळे पुसू लागल्या. यशवंत चौगुले कधी हसवायचे, हे जाणणारी पिढी विरत गेली.

मामांनी ऐंशी ओलांडली तेव्हा कोल्हापुरात त्यांचा मोठा सत्कार झाला. मी तेव्हा साठीची, पण मामांसाठी कुमीच. पडद्याआड त्यांची शाल नीट करत होते तेव्हा ते माझ्या कानाशी आले. डोळ्यांत तीच जुनी चमक.

"कुमे, आज बघायचंय मला."

"काय?"

"येती का अजून."

निवेदिका म्हणाली, "ज्यांनी आयुष्यभर आपल्याला रडवलं..." आणि मामा माईकसमोर गेले; मी स्टेजच्या कडेला येऊन उभी राहिले. चार शब्द बोलले, मग एकदम थांबले. खांदे वर गेले, डोळे वाटोळे झाले, मान मागं.

'हिक्.'

अगदी तीच! मी खो खो हसले. हसता हसता लक्षात आलं की सगळ्या सभागृहात मी एकटीच हसतेय. पहिल्या रांगेतल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या चितेवर पापड भाजतेय. पुढच्या क्षणी लोक उठले. "अप्पा! अप्पांना पाणी द्या!" दहाबारा बाटल्या स्टेजकडे धावल्या. कुणी डॉक्टर आहे का, असं माईकवरून विचारलं गेलं. मामांनी "अहो, गंमत..." म्हटलं, ते कुणाला ऐकूच आलं नाही. शेवटी त्यांनी एक बाटली घेतली आणि पाणी प्यायले. लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

"सगळी पाणी घेऊन आली," ते म्हणाले. "बाला आता कुणी हसायचं न्हाई."

"नाही मामा."

"सुटला तो." त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. "पण कुमे, एखादा तरी हसायला पायजे हुता गं. चांगली आलती."

त्यांचा तो उतरलेला चेहरा मला बघवेना. मी अंग सावरलं, खांदे वर केले, डोळे वटारले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः एक उचकी काढली. ती उचकी नव्हतीच. कोंबडीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा काहीतरी आवाज आला. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला.

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना जे हसू फुटलं, ते घर येईपर्यंत थांबलं नाही. "पुन्यांदा," ते डोळे पुसत म्हणायचे, "पुन्यांदा काढ की!" आणि मी काढत राहिले.